आधी जोडणी, मग पडदा

दिल्लीच्या नैर्ऋत्येला वसलेल्या द्वारकेत (गुजरातेतली ती वेगळी) मोठ्या पडद्यांची वानवा नाही. सेक्टर २५ मध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या 'यशोभूमी' या संमेलन केंद्रात सहा हजार माणसांचं मुख्य सभागृह आहे आणि तेरा बैठकीच्या खोल्या आहेत. त्याच उपनगरात सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, सेक्टर १४ मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ, १६-सी मध्ये गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ, आणि जवळपास प्रत्येक सेक्टरमध्ये एक-दोन शाळा. पडदा सगळीकडे साधारण तोच असतो, पासष्ट ते शहाऐंशी इंची, बोटानं लिहिता येणारा. मोठ्या संमेलनस्थळी वक्ता लॅपटॉप घेऊन वर चढायच्या आत कुणीतरी तंत्रज्ञ तीन-चार प्रकारच्या तारा घेऊन तयार असतो. शाळेत आठवीच्या वर्गावर तास घ्यायला निघालेल्या बाईंसाठी असं कुणी नसतं. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, आणि त्यातली पाच-सात मिनिटं लॅपटॉप पडद्याशी जुळवण्यात गेली की पुढच्या आठवड्यापासून त्या खडू हातात घेतात. पडद्यावर झालेला खर्च सत्कारणी लागतो की नाही हे त्या पाच मिनिटांत ठरतं. म्हणून बाहेरचं यंत्र पडद्याला जोडण्याचा प्रश्न खरेदीनंतर तंत्रज्ञाच्या गळ्यात घालण्याचा नाही. तो खरेदीतलाच पहिला प्रश्न आहे, असं या आढाव्याचं म्हणणं आहे.

खर्च थोडाथोडका नाही. प्रकाश जावडेकर मनुष्यबळ विकास मंत्री असताना २० फेब्रुवारी २०१९ ला 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड'ची घोषणा झाली. नाव उघडच १९८७ च्या 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'वरून घेतलेलं होतं. समग्र शिक्षा योजनेत शाळेला दोन स्मार्ट वर्गांसाठी एकदाचे २ लाख ४० हजार आणि वर्षाला चालवण्याचे ३८ हजार रुपये, असा मापदंड ठरला. दिल्ली मंत्रिमंडळानं जुलै २०२५ मध्ये सरकारी शाळांत टप्प्याटप्प्यानं सुमारे १९ हजार स्मार्ट वर्ग उभारायला मंजुरी दिली. खर्च सुमारे ९०० कोटी, मुदत २०२९-३० पर्यंत. म्हणजे वर्गामागे पावणेपाच लाखांच्या आसपास. अशा खरेदीच्या निविदेत अटी ठरलेल्या असतात: पडदा किती इंची, उजेड किती, एका वेळी किती बोटं ओळखतो, आत रॅम किती, हमी किती वर्षांची. जोडणीचा उल्लेख असतो तो भोकांच्या मोजदादीपुरता, एचडीएमआय तीन, यूएसबी पाच. त्या भोकांतून नेमकं काय जाणार, तार कुठून कुठे न्यायची, शिक्षकांच्या हातात असलेली यंत्रं तिथे चालतात की नाही, याबद्दल निविदा बहुधा मौन पाळते.

हे मौन पूर्वी खपून जात असे, कारण पूर्वी फळाच संगणकाचा ताबेदार होता. कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीजनं १९९१ मध्ये पहिला 'स्मार्ट बोर्ड' आणला तेव्हा त्याला स्वतःची अक्कल नव्हती. संगणक बाजूला, प्रोजेक्टर समोर, आणि फळा म्हणजे मोठा स्पर्शफलक. जोडल्याशिवाय तो चालतच नसल्यामुळे जोडणी हा उभारणीचाच भाग होता. पुढे पडद्यात अँड्रॉइड आलं, पाठीमागच्या खाचेत सरकवायचा संगणक आला, आणि नातं उलटलं. पडदा घरचा झाला आणि लॅपटॉप पाहुणा. पाहुण्यासाठी दार कुठलं, हे उत्पादकानं आपल्या सोयीनं ठरवलं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये जाहीर केलेल्या 'सरफेस हब'मध्ये विंडोज आतच होतं. तरी पहिल्या पिढीच्या त्या यंत्राला पाहुण्या लॅपटॉपसाठी वेगळी भोकं होती, आणि आतला संगणक पूर्ण बाजूला सारून त्याच्या जागी बाहेरचा जोडायची स्वतंत्र सोयही होती. ज्या कंपनीचा धंदाच आतल्या प्रणालीवर चालतो तिलाही बाहेरचं दार ठेवावं लागलं, ही गोष्ट बोलकी आहे.

आता हे दार जवळून पाहू. पॅनेलच्या बाजूला खाचा ओळीनं असतात: एचडीएमआय, नेटवर्कची, एखादी टाइप-सी, काही चपट्या यूएसबी, आणि बहुतेक वेळा 'टच' असं लिहिलेली एक चौकोनी यूएसबी, प्रिंटरला लागते तशी. या शेवटच्या खाचेकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एचडीएमआयची तार लावली की लॅपटॉपचं चित्र आणि आवाज पडद्यावर येतो. सगळ्यांना वाटतं, जोडलं गेलं. बाई पुढे होऊन आकृतीवर बोट टेकवतात तर काहीच होत नाही, कारण बोट कुठे टेकलं ही खबर त्या तारेतून लॅपटॉपकडे परत जात नाही. त्यासाठी चौकोनी खाचेतून लॅपटॉपच्या यूएसबीपर्यंत दुसरी तार लागते. ती लावली आणि लॅपटॉप दोन पडद्यांच्या विस्तारित मांडणीत असला, तर बोट भिंतीवर आणि बाण मात्र लॅपटॉपच्या पडद्यावर धावतो. स्पर्श कोणत्या पडद्याचा, हे विंडोजला कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसीच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा सांगावं लागतं. मॅकला तर बाहेरच्या पडद्याचा स्पर्श मुळात कळत नाही. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागतो, जो शिक्षकाकडे नसतो. या सगळ्यात बिघाड एकही नाही. प्रत्येक वस्तू आपापलं काम चोख करते आहे आणि तास वाया जातो आहे.

टाइप-सीनं हा गुंता सोडवला, असं म्हणण्याची पद्धत आहे. निम्मं खरं आहे. चांगल्या पॅनेलची टाइप-सी खाच आणि चांगला लॅपटॉप असेल तर चित्र, आवाज, स्पर्श आणि लॅपटॉपचं चार्जिंगही एकाच तारेतून होतं. पण खाच तीच असली तरी आतली सोय तीच असेलच असं नाही. कमी किमतीच्या बहुतेक फोनांची टाइप-सी खाच चार्जिंग आणि फायलींची ने-आण एवढंच करते; चित्र बाहेर पाठवण्याची व्यवस्था तिच्यात नसते. कित्येक स्वस्त लॅपटॉपचंही तेच. तारांतही भेद आहे. फोनच्या डब्यात येणारी तार बहुधा चार्जिंग आणि फायलींपुरतीच असते आणि दिसायला मात्र हुबेहूब दुसरीसारखी. शिवाय लांबीची मर्यादा सुटत नाही. साधी यूएसबी २.० ची तार पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि सेकंदाला साठ चौकटींचं फोर-के चित्र नेणारी साधी एचडीएमआय तारही फार लांबली की चित्र लुकलुकतं. सीबीएसई वर्गखोलीसाठी किमान पाचशे चौरस फूट मागते. एवढ्या खोलीत टेबल पडद्याच्या बाजूच्या भिंतीशी ठेवलं तर पाच मीटरमध्ये भागतं. टेबल दाराजवळ आणि तार छतावरून फिरवलेली असेल तर भागत नाही. हे ठरवायला अभियंता लागत नाही. फक्त पडदा टांगण्याआधी ठरवावं लागतं.

तारांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की तुटतात, खाचा सैल होतात. तो मान्य करूनच हिशेब मांडू. चपट्या आणि चौकोनी साध्या यूएसबी खाचेची मानकातली किमान सहनशक्ती १,५०० वेळा लावण्या-काढण्याची आहे. एचडीएमआय आणि टाइप-सीची १०,०००. दिवसाला आठ तास, प्रत्येक तासाला नवा शिक्षक, आणि शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी ठरवलेले २२० दिवस, एवढं धरलं तर वर्षाला १,७६० वेळा लावणं-काढणं होतं. पॅनेलच्या बाजूची चौकोनी खाच या हिशेबानं एका शैक्षणिक वर्षातच आपलं आयुष्य संपवते, एचडीएमआय पावणेसहा वर्षांच्या आत. त्यातून निष्कर्ष तारा नकोत असा निघत नाही. पॅनेलच्या टोकाला लावलेली तार परत कधी काढायचीच नाही, भिंतीतल्या नळीतून ती टेबलावर आणायची, आणि रोजची झीज तिथे लावलेल्या हातभर लांबीच्या, सहज बदलता येणाऱ्या तुकड्यावर येऊ द्यायची, एवढाच तो निघतो. तुकडा झिजला की नवा आणायचा. पॅनेलची खाच झिजली तर पूर्ण पडदा दुरुस्तीला जातो, आणि सरकारी शाळेत दुरुस्तीला गेलेली वस्तू परत यायला किती काळ लागतो हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे: बिनतारी जोडणी असताना तारांचा एवढा ऊहापोह कशाला? ॲपलचं एअरप्ले २०१० पासून आहे, वाय-फाय अलायन्सचं मिराकास्ट २०१२ पासून, गुगलचं कास्ट २०१३ पासून. तीन मार्ग आहेत, आणि अडचण तीन असण्यातच आहे. विंडोजचा लॅपटॉप मिराकास्ट बोलतो, गुगलचे स्वतःचे पिक्सेल फोन ते बोलत नाहीत, त्यांना कास्ट लागतं, आयफोनला एअरप्ले. पॅनेलमध्ये तिन्ही असली तरी कास्ट आणि एअरप्लेसाठी फोन आणि पडदा सहसा एकाच नेटवर्कवर हवेत आणि त्यांना एकमेकांची चाहूल लागायला हवी. शाळेचं नेटवर्क नीट बांधलेलं असेल तर नेमकं तेच होत नाही. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवतात, एका यंत्राला दुसरं दिसू देत नाहीत, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. म्हणजे नेटवर्कवाल्यानं आपलं काम चांगलं केलं की शिक्षकाचं काम अडतं. मिराकास्ट नेटवर्क टाळून थेट यंत्राशी बोलू शकतं, पण त्यात स्पर्श परत नेण्याची सोय ऐच्छिक आहे. एका जोडीत चालते, दुसरीत नाही. त्यात एका मार्गिकेवर बारा वर्ग आणि बारा पडदे. यादीत जवळजवळ सारखी बारा नावं दिसतात आणि सातवीचा भूगोल शेजारच्या नववीच्या पडद्यावर उमटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतानं ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा विनापरवाना मोकळा केला, त्यामुळे श्वास घ्यायला जागा झाली, पण त्यासाठी शाळेची राउटरं आणि शिक्षकांचे फोनही त्या पट्ट्यावर चालणारे हवेत. आणि उशीर: चित्रफीत पाहताना सेकंदाचा दहावा भाग कुणाला जाणवत नाही, लिहिताना मात्र अक्षर बोटाच्या मागे रेंगाळताना दिसतं. बिनतारीची खरी जागा वेगळी आहे. बाकांमधून फिरताना एखाद्या मुलीची वही फोनच्या कॅमेऱ्यानं सगळ्यांना दाखवायची असेल तर त्याला तोड नाही. ते दुसरं साधन असावं. पहिलं म्हणून त्याच्यावर विसंबणं म्हणजे रोजचा तास नेटवर्कच्या मर्जीवर सोपवणं.

तिसरा आक्षेप खरेदी समित्यांना विशेष प्रिय आहे: आतच सगळं आहे, मग बाहेरचं यंत्र आणायचं कशाला? सगळं एका पेटीत, ही कल्पना जुनी आणि एकेकाळी अगदी योग्य होती. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्रा. कीर्ती त्रिवेदी यांनी घडवलेलं 'के-यान' संगणक, प्रोजेक्टर आणि आवाज एकत्र देत असे. शिक्षकाकडे स्वतःचं काहीच नव्हतं, तेव्हा त्याला सगळं आयतं देणारी पेटी हेच उत्तर होतं. आज परिस्थिती फिरली आहे. महाराष्ट्रात जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांनी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे केले. त्यांतले धडे, चित्रफिती, स्वाध्याय शिक्षकांच्या स्वतःच्या फोनवर आणि लॅपटॉपवर तयार होत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला त्यामागे पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं काम होतं, आणि तो कोड वाचणारं यंत्र फोनच. शिक्षकाचं सामान आता त्याच्या खिशात आणि पिशवीत असतं. पडद्यातल्या अँड्रॉइडवर ते पुन्हा मांडायचं म्हणजे पुन्हा लॉगिन, पुन्हा डाउनलोड, आणि तास संपल्यावर बाहेर पडायला विसरलात की तुमचं मेल पुढच्या वर्गासमोर उघडं.

त्याहून मोठा मुद्दा वयाचा आहे. उत्पादक अशा पडद्याच्या दिव्यांचं आयुष्य साधारण ५०,००० तास सांगतात. रोज सहा तास आणि वर्षाला २२० दिवस म्हणजे १,३२० तास. कागदावर अडतीस वर्षं. धूळ, विजेचे चढउतार आणि मुलं यांनी ते एक तृतीयांशावर आणलं तरी बारा वर्षं हातात राहतात. आतल्या संगणकाचं वय मात्र निराळ्या चालीनं चालतं. २०१९ च्या सुमारास विकल्या गेलेल्या कित्येक पॅनेलांत अँड्रॉइड ८ होतं. त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या गुगलनं २०२१ मध्ये थांबवल्या. खाचेत सरकवलेल्या संगणकांतलं विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पडदा धडधाकट, मेंदू म्हातारा, अशी ही जोडी आहे. उरलेली सात-आठ वर्षं तो पडदा उपयोगाचा राहायचा असेल तर बाहेरून नवं यंत्र जोडता आलं पाहिजे, दुसरा इलाज नाही. म्हणून ज्या जोडणीला निविदेत दुय्यम स्थान असतं तिच्यावरच त्या वस्तूचं अर्ध्याहून अधिक आयुष्य अवलंबून आहे. इथे एक रास्त शंका निघेल, की खाचेतला संगणक बदलता येतो, इंटेलनं २०१० मध्ये त्या खाचेचं मानक काढलं ते त्यासाठीच. खरं आहे, आणि ती सोय असावीच. पण तो सुटा संगणक लॅपटॉपसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि घरी नेऊन धडे तयार करायलाही उपयोगी पडत नाही.

सुरक्षेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाहेरची यंत्रं जोडू दिली की रोग आत येईल, ही भीती निराधार नाही. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर पेन ड्राइव्हवरूनही फिरत होता, आणि २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटनं इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रांपर्यंत पोचायला हाच रस्ता वापरला. पण या उदाहरणांतून निघणारा धडा नीट वाचायला हवा. धोका फाइल वाहून नेणाऱ्या जोडणीचा आहे. एचडीएमआयमधून चित्र जातं, आणि स्पर्शाच्या तारेतून लॅपटॉपला पडदा दिसतो तो फक्त माउससारखं एक निवेशयंत्र म्हणून. लॅपटॉपमधली फाइल उचलून पडद्यानं चालवावी असा व्यवहार तिथे होत नाही. उलट ज्या शाळा 'बाहेरचा लॅपटॉप बंद' असा नियम करतात तिथे शिक्षक धडा पेन ड्राइव्हवर आणतात, म्हणजे कमी धोक्याचं दार बंद होऊन जास्त धोक्याचं उघडतं. खासगीपणाची बाजू उरतेच. संपूर्ण पडदा दाखवणाऱ्या फोनवर व्हॉट्सॲपचा निरोप वर्गभर झळकतो. प्रश्नपत्रिकेची फाइल डेस्कटॉपवर असेल तर तिचं नाव सगळे वाचतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तेव्हा गुणपत्रक चुकून पडद्यावर येणं ही निव्वळ गंमत राहत नाही. त्यावर उपाय सवयीचा आहे: निरोप बंद ठेवणं, संपूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी दाखवणं. प्रशिक्षणाचा एखादा दिवस खर्च करायचाच असेल तर तो पडद्यावर रंगीत पेनानं फुलं काढायला शिकवण्यापेक्षा यावर करावा.

शेवटचा आक्षेप मुळावरच घाव घालतो: या पडद्यांनी शिक्षण सुधारतं तरी का? लंडनच्या माध्यमिक शाळांत परस्परसंवादी फळे मोठ्या प्रमाणावर बसवले गेले, त्यावर तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं २००७ मध्ये मूल्यमापन प्रसिद्ध केलं. फळे पूर्ण बसल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर त्यांचा मोजता येण्यासारखा परिणाम त्यांना सापडला नाही. पडदा आपोआप शिकवत नाही, हे त्यातून स्पष्टच आहे. द्वारकेतलं सेक्टर १० चं राजकीय प्रतिभा विकास विद्यालय निकालांसाठी नावाजलं गेलं ते पडद्यांची अशी लाट येण्याच्या कितीतरी आधी. पण सरकारनं पडदे घ्यायचे ठरवलेच आहेत, निधी मंजूर आहे. प्रश्न आता ते निकामी पडू नयेत एवढाच आहे. या दृष्टीनं लंडनचा निष्कर्ष जोडणीच्या बाजूनंच बोलतो. फरक पडायचा असेल तर तो शिक्षकानं स्वतः बेतलेल्या धड्यानं पडेल, आणि तो धडा शिक्षकाच्या यंत्रावर असतो.

तेव्हा निविदेत काय असावं? टेबलापाशी कायमच्या बसवलेल्या दोन वाटा: एक एचडीएमआय आणि स्पर्शाच्या यूएसबीची जोडी, दुसरी चित्र-स्पर्श-चार्जिंग तिन्ही नेणारी टाइप-सी, आणि खोलीतला कॅमेरा-माइक बसवला असेल तर तोही त्याच तारेतून लॅपटॉपला मिळावा. बिल चुकतं करण्याआधी पुरवठादारानं स्वतःच्या लॅपटॉपवर नव्हे, त्या शाळेतल्या शिक्षकांच्या पाच वेगवेगळ्या लॅपटॉपांवर बोटानं लिहून दाखवावं. समग्र शिक्षेच्या वार्षिक ३८ हजारांतून झिजलेले तुकडे बदलण्याइतकी रक्कम सहज निघते. टाइप-सीच एकटी का नको, असं कुणी विचारेल. युरोपीय संघानं फोनसाठी ती २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीची केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली; भारतीय मानक ब्युरोनंही तिचं मानक स्वीकारलं आहे. वारं त्याच दिशेचं आहे. पण दिल्लीचे पडदे २०२९-३० पर्यंत लागत राहतील, आणि त्या काळात शाळांत पाच-सहा वर्षांपूर्वीचे लॅपटॉपही चालू असणारच. यशोभूमीतला तंत्रज्ञ तारांचा जुडगा जवळ बाळगतो तो याच कारणानं; समोर कोणतं यंत्र येईल हे त्याच्या हातात नसतं. शाळेतही नसतं, म्हणून तिथे निदान या दोन वाटा तरी टेबलावर आधीच हव्यात.